सोय केली, विचारलं नाही

मराठी घरातल्या कॉम्प्युटरवर फाइल ठेवायची अधिकृत जागा कुठलीही असो, खरी जागा एकच : डेस्कटॉप. डॉक्युमेंट्स नावाचा फोल्डर कंपनीने दिलेला असतो, पण तिकडे कुणी फारसं फिरकत नाही. डेस्कटॉपवर मात्र ‘लग्नपत्रिका फायनल’, ‘लग्नपत्रिका फायनल नवीन’, ‘सोसायटी हिशोब’, ‘बाबांचे रिपोर्ट’ आणि तीन-चार ‘न्यू फोल्डर’ गुण्यागोविंदाने नांदत असतात. बाहेरच्याला तो पसारा वाटतो. मालकाला मात्र आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत डावीकडून तिसऱ्या रांगेत, वरून दुसरी, हे झोपेतही सांगता येतं. नवा लॅपटॉप घेतला की या पसाऱ्यात एक बदल दिसतो. काही फायलींच्या कोपऱ्यात हिरवी बरोबरची खूण असते, काहींच्या कोपऱ्यात निळा ढग, तर काहींच्या कोपऱ्यात एकमेकांच्या मागे धावणारे दोन बाण. फाइलचा पत्ता उघडून पाहावा, तर सी ड्राइव्ह, यूजर्स, आपलं नाव आणि डेस्कटॉप या सरळ वाटेत मध्येच वनड्राइव्ह नावाचा फोल्डर येऊन बसलेला. म्हणजे फाइल ठेवली तिथेच दिसते, पण आता ती तिथे राहत नाही. तिचं बिऱ्हाड हललेलं आहे आणि हलवणाऱ्याने मालकाला कळवण्याची तसदी घेतलेली नाही. या उद्योगाचं कंपनीने ठेवलेलं नाव आहे बॅकअप. इंटरनेटवरच्या साठवणीशी माझं काहीही वाकडं नाही, ती उपयोगाची गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच, की न मागता मिळालेली सोय नेमकी कुणाची सोय आहे, हे ओळखायची एक साधी कसोटी असते. तिच्यात शिरायला किती क्लिक लागले आणि तिच्यातून सुटायला किती लागतात, ते मोजावं.

आधी या सेवेचा थोडा पूर्वेतिहास पाहू, कारण त्यात तिचा स्वभाव दिसतो. २००७ साली ती स्कायड्राइव्ह या नावाने आली. ‘स्काय’ या शब्दावरून ब्रिटनमधल्या स्काय वाहिनीच्या कंपनीने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, २०१३ मध्ये निकाल वाहिनीच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये स्कायड्राइव्हचं वनड्राइव्ह झालं. फुकट जागेचा आलेख तर पाहण्यासारखा आहे. एके काळी २५ जीबी मिळत होती. २०१२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी ती ७ वर आली, २०१४ मध्ये १५ वर गेली आणि २०१५ च्या अखेरीस ५ वर आणण्याची घोषणा झाली. त्याच सुमाराला पैसे भरणाऱ्या ग्राहकांना दिलेलं ‘अमर्याद’ जागेचं आश्वासनही वर्षभरात मागे घेण्यात आलं. कारण असं सांगितलं गेलं, की काही थोड्या लोकांनी आपले सगळे कॉम्प्युटर आणि सिनेमांचे अख्खे संग्रह तिथे चढवले आणि काहींच्या खात्यात तर ७५ टीबीहून जास्त साठा झाला, म्हणजे सरासरी ग्राहकाच्या चौदा हजार पट. अमर्याद म्हटल्यावर कुणी तरी शब्दशः अमर्याद वापर करील, ही शक्यता घोषणा करणाऱ्यांच्या लक्षात आली नसावी. मुद्दा कंपनीच्या कंजूषपणाचा नाही, सर्व्हरला वीज लागते आणि विजेला पैसे पडतात. मुद्दा असा, की जागा मुबलक होती तेव्हा लोकांना या म्हणून बोलावलं जात होतं, आणि जागा ५ जीबीवर आल्यावर बोलावण्याची पद्धत बंद होऊन थेट उचलून नेण्याची पद्धत सुरू झाली.

हे उचलून नेणं कसं चालतं तेही पाहू. विंडोज ११ हे २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आलं. त्याची घरगुती आवृत्ती नव्या लॅपटॉपवर सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं या दोन्ही गोष्टी मागते. त्यातून पळवाटा शोधणारे शोधतात आणि कंपनी त्या एकेक करून बुजवत असते. खातं उघडलं की त्याला ५ जीबीची वनड्राइव्ह चिकटलेलीच येते. पूर्वी फोल्डरांचा बॅकअप घ्यायचा का, असा एक पडदा मध्ये यायचा. २०२४ च्या मध्यापासून नव्या मशीनवर तो प्रश्न न विचारताच डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स यांची रवानगी सुरू होत असल्याच्या बातम्या आल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्डबद्दलही जाहीर झालं, की विंडोजवर नवं डॉक्युमेंट उघडलं की ते आपोआप क्लाउडमध्येच जन्माला येईल आणि तारखेवरून त्याचं बारसंही होईल. हा पर्याय बंद करता येतो, हे खरं. त्याबद्दल पुढे बोलूच.

आता साधा हिशोब करू. फोनवरचा एक बरा फोटो ३-४ एमबीचा असतो. म्हणजे ५ जीबीत दीड हजाराच्या आतबाहेर फोटो मावतात, आणि एका साखरपुड्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांकडून गोळा केले तर त्यातली बरीच जागा एका दुपारीच संपते. फोटो पिक्चर्समध्ये, व्हिडिओ डेस्कटॉपवर, आणि दोन्ही आपापल्या पायांनी वर चढत असतात. जागा भरली की खालच्या कोपऱ्यात सूचना येते : जागा संपत आली आहे, जादा जागा घ्या. जी जागा आपण मागितली नव्हती, ती आपण न ठेवलेल्या वस्तूंनी भरली, म्हणून आता आपण पैसे द्यायचे. एवढ्यावर भागत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीपासून आउटलुक डॉट कॉमच्या ईमेलला जोडलेल्या फायलीही याच ५ जीबीत मोजल्या जातात, आणि हद्द ओलांडली की त्या पत्त्यावर ईमेल येणं-जाणं थांबतं. म्हणजे साखरपुड्याचे फोटो लॅपटॉपवर घेतले आणि मुलाचं नोकरीचं पत्र अडकलं, असा योग आता तांत्रिकदृष्ट्या पूर्णपणे शक्य आहे. या योगाला कुठल्याही ज्योतिषाकडे शांत नाही, शांत फक्त दरमहा वर्गणीने होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे आणि त्याला तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं पाहिजे. लोक स्वतःहून बॅकअप घेत नाहीत. हार्ड डिस्क सांगून मरत नाही, लॅपटॉप लोकलच्या रॅकवर राहतो, चहा कीबोर्डवर सांडतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरांवरच्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा वेगळी ठेवलेली प्रत ज्यांच्याकडे होती ते वाचले. पीएच.डी.चा प्रबंध एकाच पेन ड्राइव्हवर घेऊन हिंडणारे विद्यार्थी प्रत्येक विद्यापीठात सापडतात, आणि त्यांच्या मार्गदर्शकांचं सगळं संशोधनही बहुधा तसल्याच दुसऱ्या पेन ड्राइव्हवर असतं. अशा लोकांचं भलं त्यांना न विचारता केलं तर बिघडलं कुठे? मला हा युक्तिवाद बराचसा मान्य आहे. अडचण एवढीच, की इथे जे दिलं जातं ते त्या नावाचं औषध नाही. बॅकअप म्हणजे मूळ वस्तू जागच्या जागी आणि तिची एक प्रत दुसरीकडे, अशी की मुळाला काही झालं तरी प्रतीला धक्का लागू नये. वनड्राइव्ह करतं ते सिंक, म्हणजे दोन्हीकडे सतत सारखेपणा राखणं. लॅपटॉपवर फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. ती तिथल्या कचरापेटीत घरगुती खात्यासाठी ३० दिवस पडून राहते, नंतर संपलं. ‘तिकडे आहेच की’ म्हणून जागा मोकळी करण्यासाठी लॅपटॉपवरून फोटो उडवणारा माणूस आपल्या हाताने दोन्हीकडचे फोटो उडवत असतो, आणि त्याला तसं वाटायला लावणारा शब्द कंपनीनेच बटणावर छापलेला असतो. गंमत अशी, की खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सेवा करारात ग्राहकांना शिफारस केलेली आहे : आमच्या सेवांवर ठेवलेल्या तुमच्या मजकुराची तुम्ही नियमितपणे वेगळी प्रत ठेवत जा. बॅकअपचाही बॅकअप ठेवा, असा हा सल्ला. प्रामाणिकपणाबद्दल कंपनीला दाद द्यायला हवी. फक्त हा प्रामाणिकपणा ज्या लांबलचक करारात ठेवला आहे तिथे कुणी जात नाही, आणि बटण मात्र सगळे दाबतात.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्यवाद्यांचा. सक्ती कुठे आहे? नको असेल तर बंद करा. हा आक्षेप माणसाच्या आळसाबद्दल फारच अनभिज्ञ आहे. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांनी २००३ साली युरोपातल्या अवयवदानाच्या संमतीची आकडेवारी मांडली. जर्मनीत दाता व्हायचं असेल तर अर्ज भरावा लागे, तिथे संमतीचं प्रमाण होतं १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात दाता व्हायचं नसेल तर अर्ज भरावा लागे, तिथे ९९.९८ टक्के. भाषा तीच, संस्कृती जवळपास तीच, शेजारधर्मही तोच. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून एकच गोष्ट केली : अर्ज भरायचा कंटाळा. आधीपासून लावून ठेवलेला पर्याय हाच बहुतेकांचा अंतिम निर्णय असतो, ही गोष्ट आता इतकी सिद्ध आहे की तिच्यावर भर देणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा ‘नको असेल तर बंद करा’ म्हणणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, की आपण बंद करणार नाही. आळस आपला, त्यावरचं व्याज त्यांचं. ऑस्ट्रियात त्या आळसातून कुणाला तरी मूत्रपिंड मिळतं. इथे त्यातून वर्गणीदार मिळतो. पर्याय आधीच निवडून ठेवणं हे पाप नाही, तो कुणासाठी निवडला आहे हे तपासणं एवढंच आपलं काम.

बंद करायला निघालेल्या माणसाचा प्रवासही जरा जवळून पाहू. घड्याळाशेजारी एक ढग असतो. त्यावर क्लिक, मग दातेरी चाकावर, मग सेटिंग्ज, मग ‘सिंक अँड बॅकअप’, मग ‘मॅनेज बॅकअप’, मग एकेका फोल्डरची कळ बंद, आणि प्रत्येक वेळी ‘नक्की ना?’ छापाचा प्रश्न. शिरताना शून्य क्लिक आणि शून्य प्रश्न, बाहेर पडताना हा सगळा सोपस्कार. बराच काळ तर अशी पद्धत होती, की बॅकअप थांबवला की फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहत आणि आपला डेस्कटॉप लख्ख रिकामा होई. त्या रिकामपणात एकच शॉर्टकट ठेवलेला असे आणि त्याचं नाव असे, ‘माझ्या फायली कुठे आहेत?’ हा प्रश्न खरं तर आपण विचारायचा, पण तोही त्यांनीच आधी विचारून ठेवलेला. अलीकडे थांबवताना फायली कुठे ठेवायच्या ते निवडण्याचा पर्याय आला आहे, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरात मात्र याहून बहारीचा प्रकार झाला. वनड्राइव्ह बंद करू पाहणाऱ्याला कारण विचारणारी खिडकी उघडू लागली आणि कारण निवडल्याशिवाय बाहेर पडायचं बटण चालेना. दिलेल्या कारणांमध्ये एक कारण होतं : ‘वनड्राइव्ह म्हणजे काय हे मला माहीत नाही.’ ज्याच्या मशीनवर ही सेवा रात्रंदिवस चालू आहे त्याला ती काय आहे हेच ठाऊक नसेल, ही शक्यता कंपनीने स्वतः छापील स्वरूपात नोंदवली. टीका झाल्यावर खिडकी गेली. पण माझ्या सगळ्या युक्तिवादाला याहून चांगला पुरावा मला तरी शोधून सापडला नसता.

आपल्याकडे पंगतीतला आग्रह हा प्रकार अशा आक्रमक आदरातिथ्याच्या फार जवळचा आहे. पान हाताने झाकलं तरी बोटांच्या फटीतून जिलबी सुटते, ‘पुरे’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘अजून दोन’ असा घेतला जातो. या खिडक्यांतही ‘नको’ असं बटण क्वचितच असतं, ‘आत्ता नको’ किंवा ‘नंतर आठवण करा’ असतं, आणि आठवण करण्यात कुचराई होत नाही. पण वाढप्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. पाचव्या जिलबीनंतर तो बिल पुढे करत नाही, आणि पान भरलं म्हणून आपला टपाल पत्ता बंद पाडत नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे एकटी मायक्रोसॉफ्टच करते का? नाही. ॲपलने २०१६ मध्ये मॅकच्या सिएरा आवृत्तीपासून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडमध्ये ठेवण्याची सोय आणली. ती बंद केली की तिथेही मालकाला रिकाम्या डेस्कटॉपचं दर्शन घडत असे आणि फायली आयक्लाउडमधून हाताने आणाव्या लागत. आयक्लाउडची फुकट जागा २०११ मध्ये ५ जीबी होती, आजही ५ जीबीच आहे. तेवढ्या काळात फोनचे कॅमेरे कुठल्या कुठे गेले. गुगलने फोटोंसाठीची अमर्याद फुकट साठवण २०२१ च्या १ जूनपासून बंद केली आणि सगळं १५ जीबीत आणून बसवलं. म्हणजे तिघांचीही चाल सारखी आहे. पण तिघे करतात म्हणून एकाचं चुकलेलं बरोबर ठरत नाही. उलट, या तिघांपलीकडे घरगुती माणसाला जायला फारशी जागाच नसल्याने विचारण्याची जबाबदारी वाढते. दुकान बदलायची सोय नसलेल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत न सांगता वस्तू टाकणं, हे भरबाजारात टाकण्यापेक्षा जास्त वाईट.

आणि प्रश्न नेहमी मालकाच्याच फायलींचा नसतो. तालुक्याच्या ठिकाणचं कुठलंही झेरॉक्स-डीटीपीचं दुकान डोळ्यांसमोर आणा. एक कॉम्प्युटर, त्याच्या डेस्कटॉपवर दिवसभरात आलेल्या गिऱ्हाइकांचे आधार, पॅन, सातबारे, जातीचे दाखले, पासपोर्ट साइज फोटो आणि एखाद्या मंडळाची अहवालपत्रिका. विंडोज घालून दिलेलं असतं दुकानदाराच्या भाच्याने, आणि खातंही भाच्याचंच. आता तो भाचा नोकरीला पुण्यात. बॅकअपची कळ आपोआप चालू झाली असेल, तर गावभरची कागदपत्रं भाच्याच्या खात्यात साठत जातील आणि दुकानदार, गिऱ्हाईक, भाचा या तिघांपैकी एकालाही त्याचा पत्ता नसेल. वनड्राइव्हला ‘या दिवशीच्या आठवणी’ म्हणून जुने फोटो पुढे करायची हौस आहे. तेव्हा एखाद्या सकाळी अनोळखी आजोबांचा पासपोर्ट साइज फोटो गोड आठवण म्हणून भाच्यापुढे आला, तर नवल नाही. हसू येतं, पण यात एक गंभीर गोष्ट आहे. ‘न विचारता’ याचा फटका खातं नसलेल्या माणसालाही बसतो, आणि त्याच्याजवळ तर बंद करायला कळसुद्धा नाही.

अशा डावपेचांना कायद्याच्या भाषेत नाव मिळालेलं आहे. हॅरी ब्रिग्नल या डिझायनरने २०१० मध्ये ‘डार्क पॅटर्न्स’ हा शब्द रूढ केला आणि भारताच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांच्या प्रतिबंधासाठी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात असे १३ प्रकार दिले आहेत. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा टोचत राहणं, एका गोष्टीसाठी आलेल्याला दुसरी गळ्यात मारणं, पडद्याची मांडणी अशी करणं की हवं ते बटण सापडू नये, हे तीन त्यातलेच. वनड्राइव्हवर कुठल्या प्राधिकरणाने शिक्का मारला आहे असं मी म्हणत नाही. यादी हातात घेऊन वाचकाने आपला पडदा स्वतः तपासावा, एवढंच सुचवतो.

दरम्यान, ज्याला सुटायचं आहे त्याने क्रम मात्र पाळावा, कारण या कामात घाई फार महागात पडते. आधी निळ्या ढगाच्या फायलींकडे बघावं. त्या फक्त दिसतात, लॅपटॉपवर नसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडावं आणि सगळं उतरून येईपर्यंत, म्हणजे गडद हिरव्या गोलातली पांढरी खूण दिसेपर्यंत, दम धरावा. सगळ्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. मग बॅकअपच्या कळा बंद कराव्यात, फायली मूळच्या फोल्डरांत आल्या आहेत ना ते बघावं, नसतील तर स्वतः आणाव्यात, आणि त्यानंतरच ‘अनलिंक धिस पीसी’. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या यादीतून वनड्राइव्ह काढूनही टाकता येतं. वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘सेव्ह टु कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट’ ही चौकट आहे, तिच्यात खूण करावी. क्लाउडमध्ये आपोआप नवी फाइल बनवण्याची चौकट दिसली तर तिची खूण काढावी. आणि एफ १२ हे बटण लक्षात ठेवावं. ते दाबलं की जुनी, साधी, कुठे ठेवायचं ते मुकाट्याने विचारणारी खिडकी उघडते. विचारायचं कसं हे कंपनीला येत नाही असं नाही, ते बाराव्या बटणावर ठेवलेलं आहे.

शेवटचा आक्षेप सगळ्यात चतुर आहे : विचारलं तरी लोक न वाचता ‘हो’ दाबतात, मग विचारण्याचं नाटक कशाला? याला उत्तर असं, की प्रश्न वाचण्याजोगा असेल तर लोक वाचतात. पहिल्यांदा कॉम्प्युटर सुरू करताना एकच पडदा यावा. ‘तुमच्या फायली या मशीनवर ठेवू, आमच्याकडे ठेवू, की दोन्हीकडे वेगवेगळ्या प्रती ठेवू? आमच्याकडे ५ जीबी फुकट आहे. ती भरल्यावर पैसे पडतील आणि ईमेल अडू शकेल.’ तिन्ही बटणं एकाच आकाराची, एकाच रंगाची. सेवा जाहिरातीत म्हटल्याइतकी उपयोगी असेल, तर बहुसंख्य लोक दुसरं किंवा तिसरं बटण दाबतील. प्रबंधवाले विद्यार्थी तर नक्कीच. त्या होकाराला काही किंमत असेल, आणि त्यानंतर मागितलेल्या वर्गणीलाही. असा पडदा बनवायला एखाद्या प्रोग्रॅमरची एक दुपार पुरेल. तरीही तो बनत नाही, यावरून एक अनुमान निघतं. खरोखर विचारलं तर किती लोक ‘हो’ म्हणतील, याचा अंदाज कंपनीने केव्हाच बांधलेला असणार. तिच्या सेवेबद्दल एवढी टीका करणाऱ्या माझाही अंदाज बहुधा तिच्यापेक्षा जास्त उदार असेल.